एकोणिसाचा पाढा

“एंजिन अँटी-आइस?” पुष्करने वाचलं.

“ऑन,” मी म्हणाले.

ते ऑन नव्हतं. पण हे मला कळायला अजून थोडा अवकाश होता.

थांगलुंगचा विमानतळ हिमालयात नवा झालेला. तीन बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूने वारा. दुपारनंतर हा वारा इतका माजतो की धावपट्टी बंदच करतात, म्हणून साऱ्या विमानांची सकाळी एकच झुंबड. त्यात हिवाळा. बर्फ पडत असताना उड्डाण करायचं म्हणजे एकाच वेळी दोन घड्याळांशी झोंबायचं. पंखांवर बर्फाचा नुसता पापुद्रा राहिला, पॉलिश पेपरसारखा खरखरीत, तरी पंखांची विमान उचलून धरायची ताकद पार घटते. म्हणून आधी गरम द्रवाने पंख धुतात आणि मग वर काकवीसारखा दाट, हिरवा द्रव फवारतात. पडणारा बर्फ हा द्रव काही वेळ जिरवतो. बर्फ जितका जोराचा, तितका तो वेळ कमी. तेवढ्यात उडालात तर उडालात, नाहीतर परत फवारणीच्या रांगेत. हे झालं पहिलं घड्याळ.

दुसरं घड्याळ आमचं स्वतःचं. वैमानिकाने सलग किती तास काम करायचं याला मर्यादा असते. पूर्वी ही मर्यादा म्हणजे मर्यादा होती. ती संपली की माणूस बॅग उचलून चालता व्हायचा, आणि ती संपण्याआधीही ‘मी दमलेय’ एवढं म्हटलं तरी पुरायचं. आता ती मर्यादा जागल्या ठरवतो.

जागल्या म्हणजे आमच्या हेडसेटमधला गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा आणि समोरच्या पॅनेलवरचा एक दिवा. हिरवा म्हणजे माणूस जागा आहे, अजून काम करू शकतो. पिवळा म्हणजे सांभाळा. लाल म्हणजे उठा. पूर्वी गावोगावी रात्री काठी आपटत फिरणारा जागल्या असायचा, त्याच्यावरून हे नाव. दिल्लीच्या साहेबांच्या तोंडी त्याचं ‘जागलिया’ झालं आहे आणि ते ऐकलं की माझ्या भावाच्या कपाळाला आठ्या पडतात. कारण हे यंत्र त्याने बनवलं. डॉ. माधव घोटणकर, माझा सख्खा दादा. म्हणजे यंत्राला शिव्या द्यायची सोय मला नाही.

त्यामागचं शास्त्र सरळ आहे. माणूस झोपेला आला की सर्वांत आधी त्याचा आवाज सैलावतो. घशातल्या बारीक स्नायूंचा ताण उतरतो, श्वास भलत्या ठिकाणी घेतला जातो, प्रश्न आणि उत्तर यांच्यातली फट कणभर रुंदावते. आपल्या कानाला हे कळत नाही, यंत्राला कळतं. अडचण एवढीच की तुलना कशाशी करायची? माणूस दर वेळी वेगळं बोलतो. दादाची खरी हुशारी इथे होती. वैमानिक दर उड्डाणाआधी ठरलेली यादी ठरलेल्या शब्दांत म्हणतात, एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. त्यात काना-मात्रेचा फरक नसतो. तेव्हा ताजेतवाने असताना म्हटलेली यादी यंत्रात साठवायची आणि आजची तिच्याशी ताडून पाहायची. जगभरातल्या कंपन्यांनी ते डोक्यावर घेतलं. वर्षभरातच चित्र असं झालं की तुम्ही दमलात की नाही हे तुम्हाला कुणी विचारेनासंच झालं.

तर, मी ‘ऑन’ म्हणाले. पुष्कर पुढच्या ओळीवर गेला, मी पुढचीही उत्तरं दिली, यादी संपली, आमच्या पुढचं विमान उडालं. हिरव्या द्रवाची मुदत संपत आली होती आणि टॉवरवाला घाई करत होता. इंजिनांना जोर द्यायला मी हात पुढे केला आणि नजर सहज त्या बटणावर गेली.

ऑफ.

या बटणामुळे इंजिनांच्या तोंडाशी बर्फ धरत नाही. ते मी लावलं नव्हतं. बरं, विसरले म्हणावं तर मी ‘ऑन’ म्हटलं होतं. ते म्हटल्याचं मला काही केल्या आठवेना. आवाज माझाच होता, पण तो काढताना मी जागेवर नव्हते. पुष्करनेही ‘ऑन’ ऐकलं आणि बटणाकडे न बघताच पुढे गेला. लागोपाठच्या किती पहाटे आम्ही दोघं असे उठलो होतो देव जाणे.

समोर दोन्ही दिवे हिरवेगार.

आणि तेव्हा, त्या बर्फात, मला अण्णांचा आवाज ऐकू आला. एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न.

अण्णा म्हणजे आमचे वडील. कराडहून एका खासगी ट्रॅव्हल्सची रात्रीची बस चालवायचे. झोप येऊ नये म्हणून मोठ्याने पाढे म्हणायचे, त्यातही एकोणिसाचा, कारण तो अवघड. आम्हा दोघांनाही त्यांनी तो चापट्या मारून पाठ करून घेतला. मी शाळेत असताना घाटात त्यांची बस कठडा तोडून खाली गेली. अण्णा गेले, बरोबर बरीच माणसं गेली. त्यांच्या शेजारी बसलेले दुसरे ड्रायव्हर, मुळीककाका, वाचले. त्यांनी पोलिसांना सांगितलं, गावाला सांगितलं, आमच्या ओसरीवर बसून आईला सांगितलं: “वहिनी, ते जागे होते. शेवटपर्यंत पाढे म्हणत होते. ब्रेकनं दगा दिला.”

त्या वाक्यावर आमचं घर उभं राहिलं. मेलेल्यांच्या नातेवाइकांनी आमच्या दारावर दगड मारले नाहीत ते त्या वाक्यामुळे. दादा इंजिनिअर झाला तो त्या वाक्यामुळे. ‘जागा असलेला माणूस आवाजावरून ओळखता येतो’ हे त्याला लहानपणापासून ठाऊकच होतं. आई मात्र ते वाक्य स्वतः कधी म्हणाली नाही. दुसरं कुणी म्हटलं की नुसती मान हलवायची.

मी विमान मागे वळवलं.

कंपनीच्या मुंबईतल्या कंट्रोलमध्ये देवस्थळी होता. चांगला माणूस, पण स्क्रीनपलीकडचं जग त्याला दिसत नाही.

“मॅडम, लाल लागला का?”

“नाही.”

“पिवळा?”

“हिरवा आहे. पण मी झोपले होते.”

“हिरव्यात?”

“हिरव्यात.”

“मग मी इथं काय टाकू? मला तीनच रंग दिलेत.”

“दमलेय असं टाक.”

“तो पर्याय काढला ना आता,” तो खरोखर वाईट वाटून म्हणाला.

त्याच विमानात कॅप्टन बिष्ट प्रवासी म्हणून घरी निघाले होते. त्यांना हेडसेट दिला, यादीतलं थोडं म्हणायला लावलं. हिरवा. मी पुष्करला बाजूला घेतलं. पुष्कर रणनवरे, फलटणचा, आईचा एकुलता एक. नाश्त्याला सगळ्यांना घरचा चिवडा वाटणारा मुलगा.

“तूही उतर,” मी म्हणाले. “तूही बघितलं नाहीस ते बटण.”

“लाल लागला असता तर पळत उतरलो असतो, मॅडम. हिरव्यावर उतरून काय सांगू? तुमचं ठीक आहे, तुम्ही कॅप्टन. शिवाय…”

“शिवाय काय?”

“शिवाय तुमचे दादा आहेत ते. मला उद्या कोण विचारतंय?”

तो गेला. पंख पुन्हा धुतले, पुन्हा फवारले आणि विमान दिल्लीला अगदी व्यवस्थित पोचलं. यासारखी वाईट गोष्ट त्या दिवशी दुसरी घडू शकली नसती. एका हिरव्या, धडधाकट कॅप्टनने विनाकारण उड्डाण सोडलं, अशी माझ्या नावावर नोंद झाली आणि मला घरी बसवलं.

मी घरी न जाता तशीच पुण्याला दादाच्या प्रयोगशाळेत गेले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं.

“मला तपास,” मी म्हणाले. “डोक्याला वायरी लाव, तोंडाला माइक. मी एकोणिसाचा पाढा म्हणते. पुन्हा पुन्हा.”

दादा हसला. “पाढा कशाला? यादी म्हण की.”

“पाढा.”

त्याचं हसू गेलं. त्याने मुकाट्याने माझ्या डोक्यावर तारा बसवल्या. खुर्ची मऊ होती आणि खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. एकोणीस त्रिक सत्तावन्न. दादाने खांदा हलवला तेव्हा मला वाटलं, हा मला मध्येच का थांबवतोय?

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला. वरच्या पट्टीत माझ्या मेंदूच्या लाटा, संथ आणि रुंद, झोपलेल्या माणसाच्या. खालच्या पट्टीत माझा आवाज, एका लयीत. कडेला हिरवा दिवा.

“तिसऱ्या फेरीला झोपलीस,” तो म्हणाला. “पण पाढा थांबला नाही, शलू. दहापर्यंत गेलीस आणि परत एकपासून सुरू केलंस. एकही चूक नाही.”

नंतर त्यानेच मला समजावलं, शिक्षकासारखं, कारण तेवढंच त्याला सुचत होतं. नवीन काही बोलायचं तर मेंदूचा वरचा मजला जागा लागतो. पण हजारदा घोकलेलं खालच्या मजल्यावर उतरतं. जिथे चालणं, चघळणं असतं, तिथे. वर अंधार झाला तरी खाली काम सुरू राहतं. उलट वरून कुणी ढवळाढवळ करत नाही म्हणून ते आणखी सफाईने होतं. म्हणजे वैमानिक जितका दमेल, जितक्या वेळा यादी म्हणेल, तितकी त्याची यादी सुरेख. झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात. इथे शरीर जागेपणाचं सोंग घेत होतं आणि ते ओळखण्यासाठी बसवलेला जागल्याच त्याला टाळ्या वाजवत होता.

“आता सांग त्यांना,” मी म्हणाले.

दादाने माझ्या डोक्यावरच्या तारा एकेक करून काढल्या. बराच वेळ लावला.

“हे बाहेर गेलं तर पहिलं कोण विचारेल, कळतंय तुला? त्या बसमधल्या लोकांची पोरं. ती आहेत अजून, कराडातच आहेत. म्हणतील, म्हणजे तुमचा बाप झोपला होता. पाढे म्हणत म्हणत झोपला आणि आमची माणसं घेऊन गेला. आईच्या दारात उभे राहतील, शलू. या वयात तिला मी काय सांगू?”

“आणि बाहेर नाही गेलं तर?”

“मी सुधारतो ना. पुढच्या आवृत्तीत यादीबरोबर रोज एक नवा प्रश्न टाकतो. पाठ करता येणार नाही असा. एवढा हिवाळा जाऊ दे.”

“हिवाळ्याचंच तर मरण आहे, दादा.”

त्याला आईची काळजी होती हे खोटं नाही. पण आईच्या पदराआड माणूस स्वतःलाही लपवू शकतो, आणि दादा लपला होता. मला त्याचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त त्याची कीव आली. शाळकरी वयापासून त्याने अण्णांना जागं ठेवलं होतं. इतक्या वर्षांनी तो त्यांना झोपवू शकत नव्हता.

चौकशी झाली. तीन सभ्य माणसं टेबलापलीकडे. मी बटणाचं सांगितलं, पाढ्याचा प्रयोग सांगितला. त्यांनी दादाला पडद्यावर बोलावलं आणि असा काही प्रयोग झाला का, असं विचारलं.

“एका दमलेल्या व्यक्तीवरच्या एका अनौपचारिक चाचणीला शास्त्रात किंमत नसते,” दादा म्हणाला. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. “जागल्या विश्वसनीय आहे.”

“तुमच्याकडे दुसरं काही उदाहरण आहे का, कॅप्टन?” मधल्या साहेबांनी मला विचारलं. “जिथे माणूस बोलतोय आणि झोपलेला आहे, असं?”

अण्णांचं नाव माझ्या ओठांपर्यंत आलं. पडद्यावर दादाने डोळे मिटून घेतले. मला ओसरीवर बसलेली, मान हलवणारी आई दिसली.

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी मला जमिनीवरच्या कामाला लावलं.

हिवाळा सरत आला असताना थांगलुंगहून उडालेलं एक विमान धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या टेकडीवर आदळलं. कॅप्टन कुणी वेगळे होते. शेजारी पुष्कर होता.

ध्वनिमुद्रण मी ऐकलं, कंपनीने आम्हा सगळ्यांनाच ऐकवलं, धडा म्हणून. पुष्करचा आवाज स्वच्छ होता. “एंजिन अँटी-आइस?” “ऑन.” “विंग्ज?” “चेक्ड, क्लीन.” एका लयीत, काना-मात्रेचा फरक नाही. ती लय मला ओळखीची होती. अहवालात लिहिलं की इंजिनांत बर्फ धरला आणि हवामानाने दगा दिला. वैमानिक पूर्ण जागे होते, जागल्या शेवटपर्यंत हिरवा होता. वैमानिकांच्या माथी दोष येण्यापासून यंत्राने वाचवलं म्हणून काही ठिकाणी दादाचा सत्कारही झाला. आता रात्रीच्या बसगाड्यांनाही जागल्या सक्तीचा होणार होता, काही गाड्यांत तो बसलाही होता. चालकाने मध्ये मध्ये ठरलेली चार वाक्यं म्हणायची, बस्स.

पुष्करच्या आईला भेटायला मी फलटणला निघाले, तर आई म्हणाली, “मीबी येते. त्या बाईला काय होत असंल ते मला ठावं हाय.”

छोटंसं घर होतं. भिंतीवर गणवेशातला पुष्कर, त्याला हार. त्याच्या आईने आम्हाला पाणी दिलं, चहा टाकला, आणि कपबश्या मांडता मांडता मध्येच थांबली.

“तुम्ही त्याच्यासंगं काम केलंय, बाई. तुम्ही ती टेप ऐकलीय म्हणं.”

“हो.”

“ते म्हणत्यात पुष्कर जागा हुता. आवाज चांगला हुता. शेजारणी म्हणत्यात, झोपला आसंल पोरगा, रोज पहाटंचं उठवायचे त्याला.” तिने माझ्याकडे पाहिलं. “जागा हुता ना?”

आई माझ्या शेजारी बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. पुष्करच्या आईकडेही नाही. कपबशीकडे बघत म्हणाले, “हो. जागा होता. शेवटपर्यंत.”

त्या बाईने पदर तोंडाला लावला आणि तिला रडू फुटलं. सुटल्यासारखं रडली. आईने तिला जवळ घेतलं.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होते. उसाच्या ट्रॅक्टरमागून हळूहळू जायचं होतं, ऊन कलत होतं. आई बराच वेळ बाहेर बघत होती.

“मुळीक आसाच म्हनला हुता,” ती म्हणाली. “माझ्याकडं न बघता.”

मी गाडीचा वेग कमी केला.

“तुजं अण्णा घरीबी झोपंत पाडं म्हनायचं. घोरायचं आन म्हनायचं. मी हलवलं की गप व्हायचं.” तिने नाक पुसलं. “घाटात कुनी हलवलं न्हाई. मुळीक नुसता पाडं ऐकत बसला.”

“आई, तुला ठाऊक होतं? इतकी वर्षं?”

“व्हय.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“तुमी दोगं ल्हान हुता. मला वाटलं, पोरांचा बाप तरी जागा राहू दे.”

मला गाडी थांबवावीशी वाटली, पण मागे वाहनं होती. दादा तिच्यासाठी गप्प बसला, मीही तिच्यासाठीच गप्प बसले, आणि ती आमच्यासाठी. तिघांनी मिळून एका झोपलेल्या माणसाला जागं ठेवलं आणि त्यापायी तो चिवडा वाटणारा मुलगा गेला.

“दादाला सांगायचं?” मी विचारलं.

“आता काय सांगती. सत्कार झाला त्याचा,” आई म्हणाली.

मागून एक मोठी बस आली, भोंगा वाजवत. आरशात तिची काच दिसली. आत ड्रायव्हरच्या समोर हिरवा दिवा लागलेला. ड्रायव्हरचे डोळे उन्हामुळे दिसत नव्हते. ओठ हलत होते.

आईने वळून पाहिलं आणि माझ्या हातावर हात ठेवला.

“गाडी बाजूला घे, शलू. त्याला म्होरं जाऊ दे.”

मी गाडी बाजूला घेतली.